काळीवर वसलेलं शहर : आईसोबत काठमांडूतले पाच दिवस

आमच्या घरी किल्लारीच्या भूकंपाला भूकंप म्हणत नाहीत. आई नुसतं 'ती रात्र' म्हणते. 30 सप्टेंबर 1993, पहाटेचे चार वाजायला चार-पाच मिनिटं कमी. गणपती बुडवून गाव नुकतंच झोपलं होतं. औसा तालुक्यातल्या आमच्या गावात सगळी घरं माळवदाची, दोन-दोन हात जाडीच्या दगडामातीच्या भिंती. मी नऊ वर्षांची होते. आमची आजी त्या माळवदाखाली गेली.

पुढे मी भूगोल शिकवायला लागले. वर्गात हिमालय शिकवताना काठमांडूचं नाव दर वर्षी यायचं आणि दर वर्षी वाटायचं, एकदा तिथली जमीन पायाखाली घेऊन बघावी. आईला पशुपतिनाथाचं दर्शन घ्यायचं होतं. दिवाळीची सुट्टी संपता संपता दोघी निघालो. लातूरहून रेल्वेनं मुंबई आणि तिथून विमान. प्रवास सुरळीत झाला, त्यावर जास्त लिहीत नाही. एवढंच सांगते की विमानानं जाताना 15 ते 65 वयाच्या माणसांना आधार कार्ड चालत नाही. पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागतं. मुंबईच्या रांगेत आमच्या पुढचं एक जोडपं त्यापायी परत गेलं.

पहिला दिवस : कालीमाटी

विमान खाली येताना डावी-उजवीकडे डोंगरांचं कडं दिसतं आणि मध्ये परातीसारखी सपाट दरी. ही परात म्हणजे जुन्या तळ्याचा तळ. लाखो वर्षं इथं तळं होतं. दक्षिणेकडची महाभारत डोंगररांग उचलली जात राहिली, बागमती नदीची वाट अडली आणि पाणी तुंबलं. भोवतीच्या डोंगरांवरून वाहून आलेली वाळू, चिखल, पालापाचोळा त्यात बसत गेला. शहराच्या मध्याला या गाळाची जाडी पाचशे मीटरच्या पुढं जाते. तळं टप्प्याटप्प्यानं रिकामं झालं, शेवटचं पाणी साधारण दहा-बारा हजार वर्षांपूर्वी उतरलं. नद्यांनी मग तो गाळ पुन्हा कापला आणि मधे मधे उंच सपाट पट्टे उरले. त्यांना इथं 'टार' म्हणतात. विमानतळ अशाच एका टारावर आहे.

आम्ही काठमांडूला लागूनच असलेल्या पाटणमध्ये एका नेवार कुटुंबाकडे उतरलो. नेवार म्हणजे या दरीतले जुने रहिवासी. घरधनीण माझ्याच वयाची. तिनं आईला पहिल्याच मिनिटाला 'आमा' म्हटलं आणि आईनं तिला 'लेकी'. तिथून पुढं पाच दिवस दोघींना दुभाषी लागला नाही. जेवायला डाळ, भात, तरकारी आणि गुन्द्रुक. गुन्द्रुक म्हणजे आंबवून वाळवलेला पाला, त्याचं आंबटसर सार. आईनं दोनदा मागून घेतलं.

संध्याकाळी कालीमाटीच्या भाजीबाजारात गेलो. हा नेपाळमधला सगळ्यात मोठा भाजीपाल्याचा बाजार. मुळे माझ्या हाताएवढे, रायसागाच्या जुड्या, डल्ले खुर्सानी नावाची गोल लाल मिरची. आईनं पाटीवरचं नाव वाचलं आणि थांबली.

"काळी माती? इथं बी काळी?"

हो, तेच नाव. शब्दाला शब्द लावला तर कालीमाटी म्हणजे आपली काळी मातीच. तळ्याच्या तळाशी बसलेल्या या काळ्या चिकणमातीवरून मोहल्ल्याला नाव पडलं, आणि भूवैज्ञानिकांनी दरीखालच्या त्या सगळ्या जाड थराला पुढं 'कालीमाटी' हेच नाव दिलं. बाजारापासून पश्चिमेला थोडंच पुढं रविभवन लागतं. तिथं 2000 साली जपानी आणि नेपाळी संशोधकांनी 218 मीटर खोल बोअर घेऊन मातीचा सलग गाभा बाहेर काढला. त्या गाभ्यात झाडांचे परागकण होते आणि डायटम नावाच्या सूक्ष्म शैवालांची काचेसारखी कवचं होती. कुठल्या थरात थंडी सोसणाऱ्या झाडांचे पराग जास्त, कुठल्या थरात उबदार हवेतल्या झाडांचे, हे मोजत गेलं की हिमयुगं आली-गेली त्याचा आणि पावसाच्या चढउताराचा हिशोब वरून खाली लागत जातो. सुमारे सात लाख वर्षांचा हिशोब.

किल्लारीलाही भूकंपानंतर बोअर घेतला होता. तिथं आधी 338 मीटर नुसता काळा पाषाण लागला, लाव्ह्याचे थरावर थर. आपली जमीन पेटून आलेली, यांची पाण्यात बसून आलेली. पण दोन्हींचं नाव मात्र एकच.

दुसरा दिवस : चोभार, तौदह, कीर्तिपूर

शनिवार. नेपाळमध्ये आठवड्याची सुट्टी शनिवारी असते, त्यामुळे देवळांत गर्दी आणि सरकारी कचेऱ्या बंद. जाण्याआधी हे लक्षात घेऊन बेत आखा. आणि घड्याळ पंधरा मिनिटं पुढं करायला विसरू नका.

सकाळी थंडी बोचत होती. चोभारच्या घळीशी पोचलो तेव्हा नदीवर धुकं होतं. दोन्ही बाजूंना चुनखडकाच्या उभ्या भिंती, मधून बागमती. वर राणा पंतप्रधानांच्या काळात स्कॉटलंडहून आणून जोडलेला लोखंडी झुलता पूल. काठावर जलविनायकाचं देऊळ. गणपती म्हटल्यावर आई पुढं आणि मी मागं. इथं गणपतीची मूर्ती घडवलेली नाही, एक मोठी शिळाच गणपती म्हणून पुजली जाते. आईनं जास्वंद वाहिलं आणि शिळेवर हात ठेवून बराच वेळ उभी राहिली.

चोभारची कथा इथल्या प्रत्येक लहान मुलाला पाठ आहे. दरीत नागांचं तळं होतं, त्यात स्वयंभू ज्योत फुलली. बोधिसत्त्व मंजुश्री उत्तरेकडून आला, चंद्रहास तलवारीनं त्यानं डोंगर चिरला आणि पाणी वाहून गेलं. नागराज कर्कोटकाला राहायला जवळचं तौदह तळं दिलं. पुलावर भेटलेल्या एका निवृत्त शाळामास्तरांनी ही कथा मला इतक्या मनापासून सांगितली की मी वही बाहेर काढली. मग तेच म्हणाले, "तलवारीचं आम्ही मानतो. पण तळं होतं, ते मानायची गरज नाही, ते खणलं की लागतंच."

मला ही गोष्ट फार मोठी वाटते. ज्यांनी ती पहिल्यांदा सांगितली त्यांनी परागकण मोजले नव्हते. त्यांनी शेतं खणली असतील, काळ्या मातीत शिंपले आणि कुजलेली पानं पाहिली असतील, आणि कड्याला पडलेली ही एक चीर पाहिली असेल. तळं रिकामं व्हायचं काम एकट्या चोभारनं केलं असं भूवैज्ञानिक म्हणत नाहीत. दक्षिणेकडून ते हळूहळू उतरत गेलं. पण तळं होतं आणि पाणी दक्षिणेला गेलं, या दोन्ही गोष्टी कथेत बरोबर आहेत.

तौदह तिथून जवळच. हिवाळी पाहुणी बदकं आली होती. कर्कोटकाचं घर म्हणून तिथं मासे मारत नाहीत. काठावरच्या टपरीत सेलरोटी आणि चहा घेतला. सेलरोटी म्हणजे तांदळाच्या पिठाची गोड कडी, आपल्या अनारशाची आणि वड्याची मधली चव.

परतताना रस्ता रुंद करण्यासाठी एके ठिकाणी टेकाड कापलं होतं. मी गाडी थांबवायला लावली. कापलेल्या भिंतीत खाली जवळजवळ काळी, ओलसर माती, मधे बोटभर जाडीचा करडा पट्टा, वर पिवळट वाळू. आई पदर खोचून उतरली. तिनं काळ्या मातीचा एक चुरा घेतला, अंगठ्यानं तळहातावर दाबून पसरला, थुंकी लावून वळी वळली, वळी वाकवून बघितली. मग नाकाशी नेली.

"ही आपली नाही. आपल्या काळीत चुनखडीचे खडे लागतात बोटाला. हिच्यात खडाच नाही. अन् वास गाळाचा हाय, विहीर उपसल्यावर येतो तसला."

मी वर्गात वीस वर्षं शिकवते, पण असं तपासून बघायचं मला सुचलं नसतं. आपली काळी बेसाल्ट जागच्या जागी झिजून झालेली, म्हणून तिच्यात चुन्याचे खडे. ही संथ पाण्यात कण कण बसलेली, म्हणून लोण्यासारखी. पट्ट्यांवर बोट ठेवून मी तिला सांगितलं, की काळी बसली तेव्हा इथं खोल पाणी होतं, वाळू आली तेव्हा नदी जवळ सरकली होती. ती म्हणाली, "म्हंजे वर वर चढत जावं तसं तळं आटत गेलं."

कापलेल्या टेकाडाजवळ उभं राहायचं असेल तर भिंतीपासून लांबच राहा आणि पावसाळ्यात तर जाऊच नका. ही माती पाणी प्याली की सरकते.

दुपारी कीर्तिपूर. हे जुनं गाव टेकडीवर आहे आणि टेकडी कातळाची. 2011 मध्ये जपानमधल्या होक्काइडो विद्यापीठानं आणि इथल्या त्रिभुवन विद्यापीठानं मिळून चार ठिकाणी भूकंपमापक बसवले होते: एक कीर्तिपूरच्या कातळावर, बाकीचे गाळावर, त्यात पाटण आणि ठिमी. 25 एप्रिल 2015 ला 7.8 तीव्रतेचा भूकंप झाला तेव्हा ही चारही यंत्रं चालू होती. कातळावर हादरा आला आणि लवकर ओसरला. गाळावर जमीन चार-पाच सेकंदांच्या संथ झोक्यात मागं-पुढं डोलत राहिली, पुष्कळ वेळ. या संथ झोक्याला बुटकी घरं तितकीशी दाद देत नाहीत, उंच इमारती देतात. बासष्ट मीटर उंचीचा धरहरा मनोरा पडला आणि त्याच्या आसपासची कितीतरी साधी घरं उभी राहिली, त्यामागं हे एक मोठं कारण आहे.

कीर्तिपूरला नेवारी खाणावळीत समयबजी खाल्ली: पोहे, काळे सोयाबीन, आलं, बटाटा आणि वर बारा. बारा म्हणजे उडदाचं जाड धिरडं. मांस नको असेल तर आधी सांगा, नाहीतर ताटात येतंच.

तिसरा दिवस : भक्तपूर

भक्तपूरच्या रस्त्यावर लोकन्थली लागतं. 2015 ला इथं अरनिको महामार्ग लांबच्या लांब चिरला होता आणि एक बाजू खाली बसली होती. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटेल हाच तो भ्रंश, म्हणजे खडक जिथून एकमेकांवर सरकतात ती फट, इथंच जमीन फाटली. पण ती फाटली होती वरच्यावर. ओल्या चिकणमातीचा उतार हादऱ्यानं खाली सरकला, एवढंच. खरा भ्रंश शहराच्या खाली दहा-पंधरा किलोमीटरवर, जवळजवळ आडवा आहे. भारताचा भूभाग वर्षाला साधारण दोन सेंटीमीटर या वेगानं त्या भ्रंशाखालून उत्तरेला शिरू पाहतो, अडकून बसतो आणि शेदीडशे वर्षांत कधीतरी एका झटक्यात सुटतो. 2015 ला गोरखा जिल्ह्यातल्या बारपाकजवळ तो सुटायला लागला आणि फाटत फाटत पूर्वेला काठमांडूच्या खालून पुढं गेला. मिनिटभरात सगळं शहर सुमारे एक मीटर वर उचललं गेलं आणि दीड-दोन मीटर दक्षिणेला सरकलं. फाट वर पृष्ठभागापर्यंत आलीच नाही. आज लोकन्थलीचा रस्ता गुळगुळीत आहे. टॅक्सीवाल्यानं दाखवलं नसतं तर मला जागा कळली नसती.

भक्तपुरात भारतीयांना सार्क देशांच्या दरानं तिकीट मिळतं, ओळखपत्र जवळ ठेवा. शंभराच्या भारतीय नोटा सर्रास चालतात. एका रुपयाला 1.60 नेपाळी रुपये, हा दर ठरलेला आहे.

पाच मजली न्यातपोल देऊळ 1702 मध्ये राजा भूपतीन्द्र मल्लानं बांधलं. ते 1934 च्या भूकंपात उभं राहिलं आणि 2015 लाही, तर त्याच गावातल्या शेकडो घरांचा मातीमोल ढीग झाला. आई पायऱ्यांवर बसली आणि मी कुंभारचौकात गेले. चौकभर मडकी उन्हात मांडलेली. एक म्हातारे कुंभारबाबा माती तुडवत होते. खाली उतरून शेतातली काळी खणून आणतात म्हणाले. पूर्वी शेतकरीसुद्धा हीच माती खोदून खत म्हणून शेतात पसरायचे. मला आपल्याकडं उन्हाळ्यात पाझर तलावाचा गाळ ट्रॅक्टरनं शेतात नेतात ते आठवलं.

बाबांना नेपाळी येत होतं, मला हिंदी, आणि अडलं तिथं त्यांचा नातू. 1934 च्या भूकंपाला इथं 'नब्बे सालको भुइँचालो' म्हणतात, कारण त्यांच्या विक्रम संवतात ते 1990 होतं. आई तोवर येऊन बसली होती.

"काय म्हणाले? भुइचालो?"

"भूकंप, आई."

"भुई चालली," ती म्हणाली. "व्हय. तसंच झालतं. कंप नव्हता तो. भुई चालली व्हती."

नातवानं बाबांना ते सांगितलं. बाबांनी माती तुडवायची थांबवली, हात धुतले आणि आईशेजारी येऊन बसले. 2015 ला त्यांची सून मातीच्या भिंतीखाली गेली होती. शनिवार होता, दुपारचे बाराला चार मिनिटं कमी. शाळा बंद होत्या म्हणून नातू अंगणात होता, नाहीतर शाळेची इमारतही पडली, असं त्यांनी सांगितलं. आईनं किल्लारी सांगितलं. मराठीतच सांगितलं. आधी वर्षभर जमिनीतून आवाज यायचे, लोकांना सवय झाली होती, हे सांगितलं. आजीचं सांगितलं. नातू दोघांमध्ये बसून जमेल तसं इकडचं तिकडं करत होता आणि नंतर त्यानं तेही सोडून दिलं.

निघताना बाबांच्या सुनेच्या जागी आता घर सांभाळणाऱ्या धाकट्या मुलीनं जुजु धौ आणलं. जुजु धौ म्हणजे राजा दही, मातीच्या पसरट वाडग्यात लावलेलं, घट्ट, किंचित गोड. बाबांनी माझ्यासमोर वाडगा धरला, एक हलका झटका दिला आणि हात स्थिर केला. वाडगा थांबला. दही अजून डोलत होतं. कडेला जाऊन परत मध्ये येत होतं. "भक्तपूर," ते म्हणाले.

मी पुढची कितीतरी वर्षं वर्गात हेच दाखवणार आहे.

चौथा दिवस : पशुपतिनाथ आणि काष्ठमंडप

पहाटे पशुपतिनाथ. आईचं दर्शन मनासारखं झालं. चामड्याचं काही आत नेता येत नाही, आणि भल्या पहाटे गेलात तर रांग छोटी असते.

दुपारी काष्ठमंडप. याच मंडपावरून शहराला काठमांडू नाव मिळालं. 2015 ला तो पूर्ण कोसळला आणि मग पुरातत्त्वज्ञांनी पाया उघडला. तोवर हा मंडप बाराव्या शतकातला समजत. पाया निघाला सातव्या शतकातला, आणि तोही इतक्या भूकंपांनंतर शाबूत. तेराशे वर्षांपूर्वी ज्या गवंड्यांनी तो घातला त्यांना आपण कशावर उभे आहोत हे माहीत होतं. आता लोकांनी पुढाकार घेऊन मंडप पुन्हा लाकडात उभा केलाय. आत बसलं की गार वाटतं. 1255 मध्येही मोठा भूकंप झाला होता, राजा अभय मल्ल त्यात गेला. हा पाया तेव्हाही इथंच होता.

संध्याकाळी पाटणची मंगःहिती बघितली, सहाव्या शतकातलं पायऱ्या उतरून जायचं पाणवठं. दगडी मगरमुखांतून पाणी पडत होतं. वरच्या वाळूच्या थरांत मुरलेलं पाणी चिकणमातीवर अडतं आणि अशा जागी बाहेर येतं. घरोघर बोअर झाले आणि जागोजागी फरशा बसल्या तशा शहरातल्या पुष्कळ हिती आटल्या. याचं मला फार वाईट वाटलं. बायका घागरी घेऊन रांगेत उभ्या होत्या. लातूरला 2016 मध्ये रेल्वेनं पाणी आलं होतं, तेव्हा मीही अशीच उभी होते.

पाचवा दिवस : चंद्रागिरी

शेवटच्या दिवशी ठरवलेली गाडी आलीच नाही. तासभर वाट बघून शेवटी घरधनिणीच्या भावानं सोडलं. थानकोटहून रोपवे आहे. सकाळी लवकर जा, दहा-अकरानंतर दरीत धुरकट होतं. वर वारा फार, कानटोपी ठेवा.

चंद्रागिरी चुनखडकाचा आहे, कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्रतळाशी बसलेला. म्हणजे तळ्याच्या काठाचा डोंगर हाही कधीकाळचा गाळच. उत्तरेला बर्फाची सगळी ओळ लख्ख दिसत होती आणि पायाशी अख्खी दरी. डोंगराच्या पायथ्यालगत तरुण भ्रंशांच्या रेषा जातात. नद्यांनी अलीकडे घातलेले सपाट पट्टे त्यांनी वर-खाली केलेत. मी नकाशा पसरून आईला एकेक दाखवत गेले. ती स्वयंभूची टेकडी, तळ्यातलं बेट होती. ते टार, जुनी नेवार गावं त्यांच्यावर. आणि ती मधली सखल जमीन, जिथं चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीपर्यंत भातशेती होती आणि आता सिमेंटची घरं दाटीनं उभी आहेत.

आई बराच वेळ काही बोलली नाही. आपल्याकडं गाव पांढरीवर आणि शेत काळीत. काळीत कुणी घर बांधत नाही, भेगाळते, फुगते, भिंती तडकतात. हे तिला कुणी शिकवलेलं नाही, ती त्यातच वाढलीय.

"ह्यांच्या म्हाताऱ्या माणसांनी बी तसंच केलं व्हतं की," ती म्हणाली. "वर गाव, खाली भात."

"तुला घर बांधायचं झालं तर कुठं बांधशील?" मी विचारलं.

तिनं डोळ्यांवर हात धरला. दरीभर नजर फिरवली, स्वयंभूवर थांबली, पुढं गेली, मागं आली. मग बोट कीर्तिपूरच्या टेकडीकडं केलं.

"तितं. कातळावर." मग खालच्या हिरव्या तुकड्याकडं बोट नेलं. "आन् पेरायला ती काळी."